लिनक्स वितरणाची निवड

लिनक्स कर्नेलभोवती उभारलेल्या अनेक संचालन प्रणालींपैकी कोणती शिकावी अथवा वापरावी, या निर्णयास लिनक्स वितरणाची निवड असे म्हणता येईल. लिनक्स हे कोणा एका कंपनीचे उत्पादन नाही. त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, सर्वत्र एकच असला, तरी त्याच्या जोडीला लागणारी साधने, आज्ञावल्या आणि त्या अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था निरनिराळ्या कंपन्या, संस्था व स्वयंसेवकांचे गट आपापल्या पद्धतीने सिद्ध करतात. अशा प्रत्येक सिद्ध संचास वितरण, किंवा बोलण्यात डिस्ट्रो, असे म्हणतात. आज अशी शेकडो वितरणे उपलब्ध आहेत. नोकरी-व्यवसायात मात्र बहुतेकांचा संबंध दोनच घराण्यांशी येतो. त्यांतील एक डेबियन व उबुंटूचे, तर दुसरे रेड हॅटचे होय. पडद्यावर दिसणाऱ्या रूपापेक्षा आज्ञावल्या बसवण्याची पद्धत, देखभालीची मुदत आणि वितरणाची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, या गोष्टी निवडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या ठरतात.

संज्ञा व घटक

'वितरण' या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात वाटपाची क्रिया उभी राहते. धान्याचे वितरण, पारितोषिकांचे वितरण. येथे मात्र हा शब्द वस्तूचे नाव म्हणून वापरला जातो. 'संस्करण' हा शब्द कदाचित अधिक जवळचा ठरला असता, परंतु 'वितरण' आता रूढ झाला आहे.

एका वितरणात साधारणपणे लिनक्स कर्नेल, ग्नू प्रकल्पाची मूलभूत साधने, संगणक सुरू होताना सेवा जागृत करणारी व्यवस्था, आज्ञावल्यांची पॅकेजे व ती ठेवण्याचे ऑनलाइन भांडार, प्रणाली बसवणारी आज्ञावली आणि बहुधा एखादे डेस्कटॉप वातावरण यांचा समावेश असतो. ग्नू प्रकल्पाची घोषणा रिचर्ड स्टॉलमन यांनी इ.स. १९८३ मध्ये केली होती. त्या प्रकल्पाच्या साधनांवाचून कर्नेल एकटा फारसा उपयोगी पडला नसता, म्हणून डेबियनसारखी काही वितरणे स्वतःस 'ग्नू/लिनक्स' म्हणवतात. अँड्रॉइडमध्ये लिनक्स कर्नेल असूनही ग्नूची साधने नसतात. त्यामुळे त्याची गणना सामान्यतः लिनक्स वितरणांत करत नाहीत.

उगम

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी इ.स. १९९१ मध्ये लिनक्स कर्नेल प्रसिद्ध केला. तो मिळवून, त्यावर इतर साधने चढवून संगणक चालू करणे हे त्या काळी जाणकारांचेच काम होते. ते सोपे करण्यासाठी इ.स. १९९२ मध्ये एसएलएस नावाचा संच निघाला. त्यात दोष पुष्कळ होते, आणि त्या दोषांच्या पोटीच आजही हयात असलेली दोन वितरणे जन्मली. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी एसएलएसमध्ये दुरुस्त्या करून जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर प्रसिद्ध केले. पुढच्याच महिन्यात इयन मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डेबियन हे नाव त्यांनी डेब्रा आणि इयन या दोन नावांच्या संधीतून साधले. रेड हॅट लिनक्स त्याच दशकाच्या मध्यास आले. इ.स. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कॅनोनिकल कंपनीने डेबियनवर आधारित उबुंटूची पहिली आवृत्ती काढली. पुढे काही वर्षे, इ.स. २०११ पर्यंत, मागणी नोंदवणाऱ्यास उबुंटूची सीडी टपालाने विनामूल्य पाठवली जात असे. भारतात ज्या काळात सातशे एमबीची फाइल उतरवून घेणे म्हणजे रात्रभराचे काम होते, त्या काळात या सीडींचे मोल फार होते.

घराणी

वितरणांचा विचार सुट्या नावांनी करण्यापेक्षा घराण्यांनी करणे सोयीचे असते. संगीतात राग तोच असतो आणि घराण्यागणिक मांडणी बदलते; येथेही कर्नेल, फायलींवरील अधिकारांची पद्धत आणि आज्ञा देण्याचे बॅश हे शेल बहुतेक ठिकाणी सारखे असतात, रीत बदलते.

डेबियन घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे डेबियन. त्यावर कोणत्याही कंपनीची मालकी नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात, प्रकल्पप्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते, आणि वापरकर्त्यांशी केलेला 'सामाजिक करार' या नावाचा जाहीरनामा प्रकल्पाने इ.स. १९९७ पासून स्वीकारलेला आहे. स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते. उबुंटू, लिनक्स मिंट, रास्पबेरी पाय ओएस, काली लिनक्स ही सारी याच वंशातील होत. यांची पॅकेजे डेब स्वरूपात असतात आणि ती बसवण्यासाठी एपीटी हे साधन वापरतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये निघते व तिला पाच वर्षे सर्वसाधारण देखभाल मिळते.

रेड हॅट घराण्यात प्रवाह वरून खाली वाहतो. नव्या गोष्टी प्रथम फेडोरामध्ये येतात. तेथे स्थिरावल्यावर त्या सेंटओएस स्ट्रीममार्गे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या व्यावसायिक वितरणात उतरतात. फेडोराची आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते व तेरा महिन्यांच्या आसपास जुनी होते. व्यावसायिक वितरण मात्र दहा वर्षे सांभाळले जाते. रॉकी लिनक्स, अल्मालिनक्स, ओरॅकल लिनक्स ही त्याच्याशी जुळणारी वितरणे होत. ॲमेझॉनच्या मेघसेवेवर वापरले जाणारे ॲमेझॉन लिनक्स २०२३ हेदेखील फेडोरावरून घडवलेले आहे. पॅकेजे आरपीएम स्वरूपाची, साधन डीएनएफ.

याखेरीज जर्मनीतील सुसे हे युरोपीय उद्योगांत, विशेषतः एसएपीच्या आज्ञावल्या चालवणाऱ्या कंपन्यांत, प्रतिष्ठित आहे. आर्च लिनक्स सर्व काही वापरकर्त्याकडूनच जुळवून घेते. ते न वापरणाऱ्यांनाही त्याच्या विकीवरील लेख अडचणीत उपयोगी पडतात. अल्पाइन हे अत्यंत छोटे वितरण कंटेनरच्या जगात लोकप्रिय आहे. मात्र त्यात ग्नूच्या सी लायब्ररीऐवजी मसल नावाची लायब्ररी असल्याने इतरत्र बांधलेली आज्ञावली तेथे जशीच्या तशी चालेलच असे नाही.

एकच काम, दोन रीती

घराण्यांतील भेद नेमके कोठे जाणवतात, हे वेब सर्व्हर बसवण्याच्या साध्या उदाहरणावरून दिसते. अपाची ही आज्ञावली दोन्ही घराण्यांत तीच आहे. डेबियन व उबुंटूमध्ये तिचे पॅकेज आणि सेवा 'अपाची२' या नावाने ओळखली जाते. रेड हॅटमध्ये तीच 'एचटीटीपीडी' होते. संरचनेच्या फायली वेगळ्या ठिकाणी असतात व त्यांची विभागणीही वेगळी असते. डेबियनमध्ये पॅकेज बसताच सेवा आपोआप सुरू होते. रेड हॅटमध्ये ती सुरू करण्याची आणि संगणक पुन्हा चालू झाल्यावरही सुरू राहील अशी तजवीज करण्याची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. रेड हॅटमध्ये फायरवॉलडी ही संरक्षक भिंत बहुधा आधीपासून कार्यरत असते, म्हणून वेबचे दार मुद्दाम उघडावे लागते. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू हे साधन असते, पण निद्रिस्त. प्रशासकीय अधिकार देण्यासाठी वापरकर्त्यास एका घराण्यात 'सूडो' गटात घालतात, तर दुसऱ्यात 'व्हील' गटात.

सर्वांत अधिक गोंधळ सुरक्षेच्या स्तरावर होतो. रेड हॅट घराण्यात एसईलिनक्स ही व्यवस्था सक्तीने लागू असते. तिचा उगम अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत झाला. प्रत्येक फाइलीस व प्रत्येक चालू प्रक्रियेस ती एक खूण लावते, आणि खुणा जुळल्यासच वाचनाची मुभा देते. उबुंटूवर शिकलेला विद्यार्थी रेड हॅटच्या सर्व्हरवर संकेतस्थळाच्या फायली आपल्या सोयीच्या निर्देशिकेत ठेवतो. अधिकार तपासतो, ते बरोबर असतात. मालकी तपासतो, तीही बरोबर असते. तरीही सर्व्हर फाइल दाखवण्यास नकार देतो, कारण त्या निर्देशिकेवर वेब सर्व्हरसाठी असलेली खूण नसते. अशा वेळी एसईलिनक्स बंद करून टाकावे, हा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून ठेवण्यासारखाच तो सल्ला आहे. योग्य खूण लावण्यास दोन आज्ञा पुरतात. डेबियन व उबुंटूमध्ये याच कामासाठी ॲपआर्मर असते. ते फाइलीच्या मार्गावर आधारित असल्याने नवशिक्यास तुलनेने कमी अडवते.

याउलट जे समान आहे त्याचा आवाका मोठा आहे. निर्देशिकांची रचना, फायलींचे अधिकार, प्रक्रिया, पाइप, ग्रेप, एसएसएच, व्हीआय संपादक, बॅशमधील लेखन, आयपी पत्ते व मार्ग यांचे ज्ञान कोणत्याही घराण्यात तेच राहते. सेवा सांभाळण्याची रीतही एके काळी वितरणागणिक बदलत असे. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने इ.स. २०१४ मध्ये आणि डेबियनच्या आठव्या आवृत्तीने इ.स. २०१५ मध्ये सिस्टमडी स्वीकारल्यानंतर तो भेदही बहुतांशी मिटला. सिस्टमडीवरून झालेला वाद मोठा होता आणि तो अद्याप पूर्णपणे शमलेला नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम सोयीचाच झाला.

आवृत्तिचक्र

डेबियन स्थिर किंवा रेड हॅटसारख्या वितरणांत आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर आज्ञावल्यांचे क्रमांक गोठवले जातात. पुढील काही वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच क्रमांकात मागे नेऊन बसवल्या जातात. त्यामुळे क्रमांक जुना दिसला म्हणजे आज्ञावली असुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. आर्च किंवा ओपनसुसे टंबलवीड यांसारख्या अखंड-प्रवाही वितरणांत आवृत्ती अशी नसतेच. नवे तयार झाले की ते वापरकर्त्याकडे येते.

या दोन पद्धतींतील फरक मार्च २०२४ मध्ये ठळकपणे दिसला. एक्सझेड या माहिती संकुचित करणाऱ्या साधनाच्या देखभालीत सुमारे दोन वर्षे सहभागी होऊन विश्वास संपादन केलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडवली होती. ती एसएसएचद्वारे संगणकात प्रवेश मिळवून देण्यासाठी होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकावर एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत त्यांनी २९ मार्च रोजी हा प्रकार उघड केला. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या पूर्वप्रकाशित आवृत्तीत आणि टंबलवीडमध्ये पोहोचली होती. डेबियनची तत्कालीन स्थिर आवृत्ती आणि रेड हॅटचे व्यावसायिक वितरण यांपर्यंत ती पोहोचली नव्हती. कामाच्या सर्व्हरवर जुने क्रमांक का पसंत केले जातात, याचे एवढे बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

सेंटओएसचे प्रकरण

निवडीत वितरणाच्या मालकीचा विचार का करावा लागतो, हे सेंटओएसच्या इतिहासावरून कळते. रेड हॅटने इ.स. २००३ मध्ये आपले सर्वांसाठी खुले असलेले रेड हॅट लिनक्स थांबवून सशुल्क व्यावसायिक वितरणावर लक्ष केंद्रित केले. मुक्त परवान्यामुळे त्याचा स्रोत उपलब्ध होता. त्यावरून काही स्वयंसेवकांनी हुबेहूब जुळणारे, विनाशुल्क सेंटओएस इ.स. २००४ मध्ये उभे केले. महाविद्यालये, संशोधन संस्था, संकेतस्थळे चालवणाऱ्या कंपन्या आणि छोटे उद्योग यांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. रेड हॅटची परीक्षा देणारे विद्यार्थीही त्यावरच सराव करत. इ.स. २०१४ मध्ये प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली आला, आणि इ.स. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की, सेंटओएस लिनक्स ८ ची देखभाल इ.स. २०२१ च्या अखेरीस संपेल. ही मुदत पूर्वी इ.स. २०२९ पर्यंत असल्याचे गृहीत धरले गेले होते. पर्याय म्हणून पुढे केलेले सेंटओएस स्ट्रीम हे व्यावसायिक वितरणाची प्रतिकृती नसून त्याच्या किंचित पुढे चालणारे रूप आहे. ज्यांनी आठव्या आवृत्तीवर नव्याने सर्व्हर उभारले होते, त्यांच्या हाती जेमतेम वर्ष उरले. आधीची सातवी आवृत्ती वापरणारे मात्र ३० जून २०२४ पर्यंत सुरक्षित राहिले. म्हणजे जे नव्याकडे वळले त्यांनाच आधी हलावे लागले.

या घोषणेनंतर थोड्याच दिवसांत दोन पर्याय उभे राहिले. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कुर्त्झर यांनी रॉकी लिनक्स सुरू केले. हे नाव प्रकल्पाचे दिवंगत सहकारी रॉकी मॅगॉ यांच्या स्मरणार्थ ठेवले आहे. क्लाउडलिनक्स या कंपनीने अल्मालिनक्स काढले. दोघांच्या स्थिर आवृत्त्या इ.स. २०२१ च्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाल्या. जून २०२३ मध्ये रेड हॅटने व्यावसायिक वितरणाचा नेमका स्रोत सार्वजनिकरीत्या देणे थांबवून तो ग्राहकांपुरता मर्यादित केला. त्यानंतर अल्मालिनक्सने हुबेहूब नक्कल करण्याचे ध्येय सोडून, रेड हॅटवर चालणारी आज्ञावली आपल्यावरही चालेल एवढे ध्येय ठेवले. रॉकी हुबेहूबपणाच्या वाटेवरच राहिले. दरम्यान, इ.स. २०२१ पासून रेड हॅटने वैयक्तिक विकसकांस नोंदणी करून सोळा संगणकांपर्यंत मूळ वितरण विनाशुल्क वापरण्याची मुभा दिली आहे. विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेण्यास हरकत नाही.

नोकरीच्या दृष्टीने

बँका, दूरसंचार, मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या व त्यांचे परदेशी ग्राहक यांच्याकडे रेड हॅट घराणे अधिक आढळते, कारण तेथे कराराने बांधलेली देखभाल व प्रमाणित यंत्रसामग्री यांना महत्त्व असते. मेघसेवांवरील नव्या कंपन्या, विदाविज्ञान, यंत्रशिक्षण यांत उबुंटूचे प्राबल्य आहे. कंटेनर बांधताना डेबियन व अल्पाइन यांच्याशी गाठ पडते. महासंगणकांचे क्षेत्र तर पूर्णतः लिनक्सचेच आहे. जगातील पाचशे वेगवान महासंगणकांच्या 'टॉप ५००' यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ व्या स्थानी आलेला पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी-एआय' हाही त्यांत मोडतो.

ज्यास नेमके कोठे काम मिळेल हे ठाऊक नाही, त्याने एका घराण्यात खोलवर जावे आणि मग तीच कामे दुसऱ्या घराण्यात पुन्हा करून पाहावीत, ही रीत सर्वांत कमी वेळखाऊ ठरते. प्रणाली बसवणे, वापरकर्ते व गट, डिस्कची विभागणी व एलव्हीएम, फायरवॉल, वेब सर्व्हर, नोंदी वाचून दोष शोधणे, बॅकअप, एवढी कामे दोन्हीकडे जमली म्हणजे मुलाखतीतील बहुतेक प्रश्नांची तयारी होते. दर महिन्यास नवे वितरण बसवून पाहण्याचा छंद पुष्कळांना लागतो. त्यात प्रणाली बसवण्याचाच सराव होतो. ती वर्षभर सांभाळताना येणाऱ्या अडचणी, जे नोकरीतील खरे काम आहे, कधी भेटतच नाहीत.

प्रमाणपत्रांपैकी रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा पूर्णतः प्रात्यक्षिक असते. चालू यंत्रावर कामे करून दाखवावी लागत असल्याने पाठांतर तेथे चालत नाही. एलपीआयसीची परीक्षा दोन्ही घराण्यांच्या पॅकेज पद्धती विचारते. परीक्षाशुल्क विद्यार्थ्यास जड असते. रॉकी किंवा अल्मालिनक्सवर सराव पुरा होऊन हात बसल्यावाचून ते भरू नये.

घरगुती व कार्यालयीन वापर

विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० व ठरावीक प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक त्या वाटेने जाऊ शकत नाहीत. अशा संगणकांसाठी लिनक्स मिंट हा सर्वांत सोयीचा पर्याय मानला जातो. त्याचे सिनॅमन डेस्कटॉप विंडोजच्या सवयीस जवळचे आहे. स्मरणक्षमता कमी असल्यास एक्सएफसीई डेस्कटॉप घ्यावे. अगदी जुन्या ३२-बिट संगणकांसाठी मात्र पर्याय आटत चालले आहेत. डेबियनने आपल्या तेराव्या आवृत्तीपासून तशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आहे.

डेस्कटॉप म्हणजे वितरण नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई यांपैकी कोणतेही बहुतेक वितरणांवर बसवता येते. केवळ देखणे आहे म्हणून वितरण बदलण्याची गरज सहसा नसते.

वितरण कोणतेही असो, खरी अडचण बहुधा त्याच्या बाहेरच असते. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. कर व निविदांसाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांना लिनक्सवर चालणारे ड्रायव्हर मिळतीलच असे नाही. कार्यालयांत व झेरॉक्सच्या दुकानांत दिसणाऱ्या काही जुन्या लेझर प्रिंटरांस कंपनीचे खास ड्रायव्हर लागतात व ते बसवणे कटकटीचे असते. ज्या दुकानाचा व्यवहार या गोष्टींवर चालतो, त्याने त्या आधी तपासाव्यात आणि मगच विंडोज काढण्याचा विचार करावा.

मराठीचा वापर

युनिकोडमधील मराठी सर्व प्रमुख वितरणांत वाचता व लिहिता येते. भारत सरकारचा प्रमाणित इनस्क्रिप्ट कळफलक व उच्चारानुसारी कळफलक दोन्ही उपलब्ध असतात. रेड हॅटने इ.स. २००४ मध्ये मुक्त केलेल्या 'लोहित' फाँटचे नाव रंगावरून पडले आहे. संस्कृतात लोहित म्हणजे तांबडा. गूगलचे नोटो फाँटही भांडारांत असतात, आणि फेडोराच्या भांडारात हन्स्पेलचा मराठी शब्दकोश आहे. लिबरऑफिसचा दर्शनी भागही मराठीत करता येतो. भाषांतर सर्वत्र सारखे सुबोध नाही, हे मान्य करावे लागते.

वितरण मराठीस कितपत अनुकूल आहे हे पाहण्यासाठी 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' असे शब्द टंकून पाहावेत. अर्धा र चंद्राकृती न दिसता रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढला, तर कळफलक किंवा फाँट हिंदीच्या वळणाचा आहे असे समजावे. मराठी वळणाचे ल आणि श दिसण्यासाठी फाँटमध्ये तशी सोय असावी लागते आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असावी लागते.

जुन्या मजकुराची कथा निराळी आहे. महाराष्ट्रातील मुद्रणालये, नियतकालिके व संस्था यांचा पुष्कळ मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या युनिकोडपूर्व फाँटांत अडकलेला आहे. योग्य तो फाँट नसेल तर लिनक्सवर तो निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगांसारखा दिसतो. हा दोष लिनक्सचा नाही. फाँट नसलेल्या विंडोजवरही तसेच होते. परंतु ज्या संस्थेकडे असे संग्रह आहेत, तिने रूपांतराची व्यवस्था झाल्यावाचून जुना संगणक मोडीत काढू नये.

भारतातील वितरणे

सी-डॅकने इ.स. २००७ मध्ये भारतीय भाषांच्या सोयींसह 'बॉस' हे वितरण आणले. ते डेबियनवर आधारित आहे. संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी असलेली 'माया' ही प्रणाली इ.स. २०२३ मध्ये चर्चेत आली. ती उबुंटूवरून घडवलेली आहे. केरळच्या शाळांतून वापरले जाणारे वितरणही उबुंटूचेच रूप आहे. तिन्ही एकाच घराण्यातील असल्याने डेबियन वा उबुंटू शिकलेल्यास ती परकी वाटत नाहीत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स व बॅशवरील पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. इंग्रजीत न शिकलेल्या विद्यार्थ्यास आरंभ करण्यास ते पुरेसे आहेत.

प्रचलित गैरसमज

डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळावरील क्रमवारी लोकप्रियतेचे माप म्हणून उद्धृत केली जाते. प्रत्यक्षात ती त्या संकेतस्थळावर कोणत्या वितरणाचे पान किती वेळा उघडले गेले एवढेच सांगते. किती संगणकांवर ते चालते, याचा तिच्याशी संबंध नाही.

काली लिनक्सबद्दलही असाच भ्रम आहे. ते सुरक्षा-चाचणी करणाऱ्या व्यावसायिकांसाठी बनवलेले वितरण असून लिनक्सशी प्रथमच ओळख करून घेणाऱ्यांसाठी ते नाही, असे त्याचे निर्मातेच सांगतात. चित्रपटांतील 'हॅकर' पाहून अनेक विद्यार्थी त्यापासूनच आरंभ करतात. त्यातील साधने डेबियनवरही बसवता येतात, आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेवर ती चालवणे हा भारतात माहिती-तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी

बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला न शिवता चालवून पाहता येतात. वायफाय, ध्वनी, प्रिंटर व मराठी कळफलक यांची तपासणी याच टप्प्यावर करावी. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात आभासी यंत्र उभारून दोन्ही घराणी शेजारी-शेजारी ठेवता येतात, आणि विंडोज १० व ११ मध्ये डब्ल्यूएसएलद्वारे उबुंटू आतच चालवता येते. आज्ञा शिकण्यास ते पुरते. संगणक सुरू होण्याची प्रक्रिया, डिस्कची विभागणी या गोष्टी मात्र त्यात नीट शिकता येत नाहीत.

विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे असल्यास बॅकअप घ्यावाच, शिवाय बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनःप्राप्ती किल्ली आधी लिहून ठेवावी. ती हाताशी नसल्यास आपल्याच फायलींपासून वंचित होण्याची पाळी येऊ शकते.

उतरवलेल्या आयएसओ फाइलीचा चेकसम अधिकृत आकड्याशी आणि त्यावरील स्वाक्षरीशी ताडून पाहण्याची पायरी अनेक जण गाळतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या दुव्याजागी चोरवाट असलेल्या फाइलीचा दुवा ठेवला होता. त्या दिवशी तेथून फाइल उतरवणाऱ्यांपैकी ज्यांनी चेकसम प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या मूळ आकड्याशी जुळवून पाहिला, त्यांना ती बनावट असल्याचे बसवण्याआधीच कळू शकत होते.